तेरावा महिना

ग्रोनिंगनच्या उत्तरेला, जुन्या लष्करी बराकीत,
खोली क्रमांक चार. पाण्याचे चार पेले,
कागदी रुमालांचा खोका. तो सरकारी खर्चाने येतो;
रडणं गृहीत धरलेलं आहे.

लेतेब्रहान सांगते, ते रात्री तीनला आले.
आम्ही जेवत होतो.
श्युर्डचं पेन थांबतं. रात्री तीनला जेवण?
तिच्या गावी दिवस मावळला की घड्याळ पुन्हा एकपासून मोजतात,
तिचे तीन म्हणजे इथले नऊ.
हे मला ठाऊक आहे. पण मी दुभाष्या,
मला न विचारलेलं बोलायची मुभा नाही.

सुट्टीत, कॉफीच्या यंत्रापाशी, वीके म्हणाली,
घर जळालेल्या बाईला तारखा कसल्या विचारतोस?
श्युर्ड चिडला नाही. साखर ढवळत राहिला.
गेल्या हिवाळ्यात नऊ जणांनी मला एकच विहीर सांगितली,
तीच निळी बादली, तोच तुटका दोर.
नवांतला एक तरी खरा असणार.
तो सापडावा म्हणून विचारतो.
सरसकट विश्वास ठेवणं हाही एक आळसच.
सापडला? वीकेने विचारलं.
त्याने पेला चुरगळला.
नवांनाही नकार दिला, म्हणाला. नवांनाही.

मी दोघांच्या मधे उभा होतो, सवयीने.
मला गेब्रेझगी आठवत होता.
त्याने तारीख सांगितली होती, दोन पागुमेन.
वर्षाच्या शेपटाला उरलेल्या पाच दिवसांचा महिना,
तेरावा.
मला चार-चाळीसची बस गाठायची होती.
मी म्हणालो, दोन सप्टेंबर.
दवाखान्याच्या कागदावर सात होती.
पाच दिवसांची तफावत. अर्ज नामंजूर.
माझं नाव त्या निकालात कुठेच नाही.

सुट्टीनंतर लेतेब्रहान म्हणाली, तीन पागुमेन.
या खेपेला मी तो शब्द
न सोलता टेबलावर ठेवला.
श्युर्डने यादी उघडली, जानेवारीपासून खाली खाली गेला.
डिसेंबरपाशी यादी संपली.
हा कुठला महिना? त्याने विचारलं, मला.
मी तिला विचारलं.

त्या दिवसांतला पाऊस पवित्र असतो, ती म्हणाली.
त्यात अंघोळ केली की दुखणं जातं.
भावाला खोकला होता, तो ताटावरून उठून
अंगणात जाऊन उभा राहिला.
म्हणून तर दार उघडं होतं.

श्युर्डने लिहिलं नाही.
मग कीबोर्ड बाजूला सारून
पेनचं टोपण काढलं.