हवा हवी तेवढी

सकाळी साडेसहाला शटर वर.
मशीनला हात नंतर. आधी कॉम्प्रेसर:
टाकीच्या पोटाखालचा पितळी नळ
पाव आटा सैल करायचा
आणि खाली फरसाणाचा रिकामा डबा धरायचा.
ऑगस्टात अजमानची हवा अशी
की रात्रभरात टाकीला पाणी सुटतं.
फुस्स करून अर्धा डबा येतं, गंजाच्या रंगाचं.
एकदा बोट लावून चव घेतली. खारट नव्हतं.
समुद्र मीठ बाहेर ठेवून आत येतो,
चपला काढून यावं तसा.

हे पाणी नळीत राहिलं तर लेन्सवर थुंकतं.
लेन्स तडकली की पगारातून साठ दिरहम.
नियामत उस्तादांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं.
लेझरचं मी विचारलं, तर म्हणाले,
किरण कापतोच, त्याला काय शिकवायचं.
तू वारा सांभाळ.

मग हळूहळू हाताला कळत गेलं.
सहा मिलीचा एमडीएफ: नळ पुरा सोडायचा,
जाळाने डोकं वर काढायच्या आत
त्याला धुरासकट खाली हाकलायचं.
अ‍ॅक्रिलिकला नुसती झुळूक.
जास्त झाली तर कड दुधाळ,
कमी झाली तर पेटलंच,
मधे कुठेतरी एक जागा आहे
जिथे कड काचेसारखी लखलखीत निघते.
ती जागा गेजवर छापलेली नाही.
आणि लाकडावर नाव कोरताना तर इतकीच
की लेन्सला काजळी धरू नये.
जोर केला की धूर लाकडाच्या रेषांत घुसतो,
मग माणसाचं नाव घासत बसा सॅंडपेपरने.

आपल्यात फुंकर एकच.
चूल पेटवायला तीच, दिवा मालवायला तीच,
सोललेल्या गुडघ्यावर तीच.
फरक सगळा गालांत.

घरी फोन लावला की सुगंधा म्हणते,
गिरणीतून बोलताय का दळण टाकून?
मार्चात एकदा तिचा आवाजच येईना.
पोरीला ताप होता.
छत्तीस ट्रॉफ्यांचे तळ कापायला लावलेले,
मी हवेचं बटण बंद केलं, दोन मिनिटांपुरतं.
एकशे तीन, एवढं स्पष्ट ऐकू आलं,
आणि झाकणाच्या काचेत केशरी काहीतरी हललं.

ओलं पोतं उस्तादांनीच टाकलं.
मी फोन धरून उभा, तिकडून हॅलो, हॅलो.
नोझल काळं, लेन्स गेली, बेल्ट वितळलेला.
मला वाटलं, आता आईबहिणीवरून सुरू होतील.
त्यांनी विचारलं, किती आहे ताप?
मग खोकले. बराच वेळ खोकले.
लेन्स वहीत स्वतःच्या नावावर लिहिली.

वारा धुराला लेन्सपासून लांब नेतो.
पुढे तो कुठे जातो
ते मशीनच्या पुस्तकात दिलेलं नाही.
मागच्या भिंतीत एक पंखा आहे,
त्याची एक पाती तुटलेली आहे,
आणि त्या पंख्याशेजारी उस्तादांचं स्टूल होतं,
अकरा वर्षं.

जूनमध्ये ते सियालकोटला गेले, कायमचे.
शर्टाच्या खिशात निळा पंप,
सकाळी दोन फुंकरा, रात्री दोन.
निरोपाची पाटी मीच कोरली, सागवानावर,
हवा जेमतेम ठेवून.
मालकाने नुक्ता चुकवला होता, तो दुरुस्त केला.

काल त्यांचा व्हॉइस मेसेज आला.
मशीनच्या आवाजात नीट कळेना.
बोर्ड पुरता कापून होऊ दिला,
मग कॉम्प्रेसर बंद केला आणि ऐकला.
टाकीचं पाणी काढतोस ना, असं काहीतरी,
आणि शब्दाशब्दांच्या मधे
शिट्टीसारखी बारीक हवा,
नळ कुठेतरी पाव आटा
सैल राहिल्यासारखी.