मूळ हिरवं होईपर्यंत

पालच्या घाटात रस्ता रुंद केला तेव्हा
आडव्या पडलेल्या आंब्याची फांदी
सुपडू तडवीने मोटारसायकलला बांधून आणली.
तिच्यावर ही.
पुस्तकात आमरी. सुपडू म्हणतो, झाडावरची.
पानं पट्ट्यासारखी, मुळं उघडी,
पाहुण्यांसमोर कुणी पाय पसरून बसावं तशी.

"तिले माती नाई लागत, बाई.
मातीत घालशीन त मरीन."

पंचवीस वर्षं मी शाळेत शिकवलं:
मूळ जमिनीत, खोड जमिनीवर.
फळ्यावर आकृती काढून, नावं देऊन.

मातीत नाही घातली.
भाऊ भुसावळच्या यार्डात. त्याने जुन्या स्लीपरचा
तुकडा दिला, अस्सल सागाचा.
त्यावर बांधलेली अर्धी जुडी
सतराव्या दिवशी काळी पडली.
रेल्वेने ते लाकूड तेल पाजून ठेवलेलं,
वाळवी लागू नये म्हणून
काहीच लागू नये असं केलेलं.

उरलेली अर्धी महूच्या ओंडक्यावर, सालीसकट.
बांधायला केळीचं सोपट.
सावद्यात सोपटाला तोटा नाही.
भिजवलं, दोन वेढे दिले, गाठ मागच्या बाजूला.
वर्षभरात ते कुजतं, तेवढ्यात तिने धरायचं.
ही मुदत तिला कुणी सांगितली नव्हती.

आणि पाणी.
आमचं नळाचं पाणी बादलीला पांढरी कड सोडतं,
कूलरच्या गवताचा दगड करतं,
गल्लीत तिघांचे मुतखडे निघालेत.
केळीचं काही म्हणणं नसतं,
ठिबक सोडलं की जे येईल ते पिते.
हिच्या मुळांवर मीठ बसतं.
एकदा पासबुक भरायला गेले तर
बँकेच्या मागच्या भिंतीला एसीची नळी
टप टप टप, कुणाच्याच खात्यावर न चढणारी.
शिपाई डिगंबर फेगडे तिच्याखाली
तेलाचा पाच लिटरचा कॅन लावून ठेवू लागला.
कशाला ते त्याने विचारलं नाही.
इन्व्हर्टरला, असं ठरवलं असावं.

मे. पारा सेहेचाळीस.
पहाटे साडेपाचला, मग दिवे लागताना
फवारा दाबायचा
आणि बघायचं मुळाकडे, पानाकडे नाही.
कोरडं मूळ जुन्या चांदीचं.
पाणी लागलं की आतून हिरवं वर येतं,
लगेच नाही,
दुसऱ्या हाकेला ओ यावी तेवढ्या उशिराने.
हिरवं झालं की थांबायचं.
त्यापुढचं पाणी फक्त भिंतीला.

दुसरा शनिवार, रविवार, सोमवारी कसलीशी सुट्टी.
सोमवारी कॅन रिकामा.
ओलं गोणपाट मागे टांगलं,
रात्री दोनदा उठून ओंडक्याला हात लावून पाहिला.
यांनी अंथरुणातून विचारलं, कोण आलंय?
कोणी नाही, म्हटलं.

सोपट कधी गळालं ते मला कळलंच नाही.
झाडताना सुपलीत आलं, काडीसारखं.
वर जाऊन ओंडका हलवला.
ओंडकाच हलला.

यंदा एप्रिलात दांडा आला. सात फुलं,
पिवळट, वर तपकिरी जाळी, ओठ निळसर जांभळा.
डिगंबरला म्हटलं, येऊन तर जा.
आला, भरलेला कॅन घेऊनच.
चपला दाराबाहेर काढल्या आणि
बराच वेळ खाली शोधत राहिला,
कुंडी कुठे आहे ते.
मग वर.
"हे पेते का आपल्या ब्यांकीचं पानी?"
टाचा उचलून वास घेतला. पुन्हा घेतला.

फुलांबद्दल काही बोलला नाही.
म्हणाला, मॅनेजर साहेबाच्या केबिनला
दुसरा एसी आहे, मोठा.
त्याची नळी सरळ गटारात जाते.
उद्या पाना घेऊन येतो.