पाचवी खोली

ओडेन्सबाहेर, जिथे आस्गरचे टोमॅटो पिकायचे
त्या काचघराला आता आतून काळा पडदा,
दाराला दोन कुलपं, आणि औषधी गांजा.

तिसऱ्या खोलीत निळा उजेड.
रोपं बुटकी, पेरं आखूड,
रुसलेल्या पोरांसारखी अंग चोरून बसलेली.
चौथीत तांबडा:
तिथली नुसती उंच होत सुटतात,
विबेकेच्या चौदा वर्षांच्या मुलासारखी,
ज्याच्या विजारी दर दोन महिन्यांनी घोट्यावर येतात.

भिंगाखाली ती मोजते
फुलोऱ्यावरचे राळेचे थेंब.
निळ्याखाली या खेपेला दाट निघाले,
वास लिंबाच्या सालीचा, मागून मिऱ्याचा.
गेल्या खेपेला उलट होतं.
ती दोन्ही आकडे लिहिते,
खोडत काहीच नाही.

बारा तास अंधाराचे. तेव्हा आत जायचं तर
कपाळावर हिरवा दिवा:
हिरवं त्यांना फारसं कळत नाही म्हणे.
तरी ती श्वाससुद्धा जपून घेते,
पाळण्याजवळून जावं तसं.

डिसेंबरात डॉक्टरांनी तिलाही दिवा लिहून दिलाय.
पांढरा. रोज सकाळी अर्धा तास, कॉफीसोबत.
तिच्यात काय उतरलं, काय आटलं
त्याचा तक्ता कुणी ठेवत नाही.

दिवस संपतो पाचव्या खोलीत,
तांबडा-निळा एकत्र, पानं काळी दिसतात.
साडेतीनला ती बाहेर येते
आणि डोळे पांढऱ्याला पांढरं म्हणायला तयार नाहीत:
गाड्यांपासून कालव्यापर्यंत
सगळा बर्फ हिरवा.

किल्ली हातात धरून ती उभी राहते.
ओसरू दे म्हणते. घाई नाही.