दीड टोला

वरच्या केबिनीतून एक दोरी यायची,
डेकच्या भोकातून, दोन कप्प्यांवरून,
आणि माझ्या डाव्या कानापाशी पितळी घंटेत संपायची.
एक टोला: पुढे. दोन: थांब.
तीन: मागे. चार: असेल तेवढं सगळं दे.
एवढ्याच व्याकरणावर मी आणि दाऊद परकार
एकवीस वर्षं बोललो.

आमोण्याला खनिज भरायचं, मांडवी उतरायची,
पणजीचे पूल डोक्यावरून जाऊ द्यायचे,
आग्वादचं मुख ओलांडून मुरगाव.
हे तो सांगायचा, धक्क्यावर विडी ओढताना.
मी पाहिली ती काचनळीतली तेलाची रेघ,
दाबाचा काटा, दोरीचा मळका शेवट.
नदी मला टोल्यांत ठाऊक.
दिवाडीपुढे दोन, आणि लगेच एक: फेरीबोट आडवी गेली.
तीन, आणि दम न घेता पुन्हा तीन:
गाळ.

टोल्यावरून माणूस कळतो.
घरचं पत्र आलं की परकार घंटेला नुसता स्पर्श करायचा.
मालकाशी वाजलं की घंटेचा बोल्ट सैल व्हायचा, मीच आवळायचो.
एकदा त्याला ताप होता.
‘थांब’च्या दोन टोल्यांत इतकं अंतर पडलं
की पहिल्याला मी इंजिन पुढे घातलं.
जेटीचं लाकूड तिथे अजून चेपलेलं आहे म्हणतात.

मागच्या पावसाळ्यात बार्ज चिखलीच्या यार्डात चढवली.
मिनीनो फुर्ताद नावाचा पोरगा आला,
खांद्यावर वायरींचं वेटोळं, कानात फुटबॉलची मॅच.
वर त्याने एक दांडा बसवला, अंगठ्याएवढा.
खाली माझ्या इंजिनाला एक करडा डबा,
आणि डब्यावर चावी.
“इकडे म्हणजे तू. तिकडे म्हणजे वर.”
मग त्याने ती तिकडे फिरवली
आणि चहा मागितला.

तेव्हापासून लिव्हर आपणहून हलते,
अंगात आल्यासारखी.
मी हात मागे बांधून उभा.
पगार तोच. काम: बघणे.
वहीत लिहिणे तापमान, दाब, वेळ.
लिव्हर मागे गेली की माझा उजवा खांदा अजून तिच्याबरोबर जातो,
म्हणून मी खांबाला टेकून उभा राहतो.

दोरी मिनीनोने काढली नाही.
म्हणाला, असू दे, अडीनडीला.
परकारला अडनड पहिल्याच फेरीत आली:
बेतीसमोर, इंजिन केव्हाच पुढे चालत असताना,
एक टोला.
हुकूम नव्हता तो. हुकूम वायरीतून कधीच येऊन गेला होता.
मी पाना उचलला आणि पाइपावर एकदा मारला.
मग रोजच, बेती आली की.
‘जेवलास का’ असेल. किंवा ‘आहेस ना’.
धक्क्यावर विडी ओढताना
त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला तो गुहागरला परतला,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
आता वर सावियो.
दांडा असा हलवतो की बार्ज जेटीला टेकली
हे मला वर माणसं बोलू लागल्यावर कळतं.
चांगला आहे पोरगा. खाली येऊन नाव विचारून गेला.
दोरीवर त्याने टॉवेल वाळत घातलाय.

काल आग्वादच्या मुखाशी लाट होती.
बार्ज डावीकडे कलली, ओला टॉवेल झुलला असणार,
घंटेने एक टोला दिला
आणि वर अर्धा.

दीडला काही अर्थ नाही.
मी आठवून पाहिलं, एकवीस वर्षांत कधीच नव्हता.
तरी उठलो,
पाना हातात घेऊन पाइपापाशी गेलो.
इंजिन नीट चालत होतं.
वहीत लिहायची वेळ झाली होती.