दप्तरजमा

हुंबरवणे ग्रामपंचायत संपली
त्या दिवशी गुरुवार होता.
मी लिपिक. दप्तर मीच बांधलं :
जन्ममृत्यूची दोन बुकं, घरपट्टीची सहा,
ठरावांचं एक, शेवटची अकरा पानं कोरी.
कोऱ्या पानांवर तिरक्या रेघा मारायच्या असतात,
मागाहून कुणी काही ठरवू नये म्हणून.
मारल्या. पट्टी न घेता.

मतदार दोनशे चौदा, सदस्य सात,
दिवाबत्तीचे खांब पाच.
पाचवा पाण्याकाठी, नाव लागते तिथं.

धरणाचं पाणी आमच्याकडं तळ्यासारखं पसरत नाही,
डोंगराच्या फटींत बोटं घालून बसतं,
काळं, खोल, दुपारी तीनलाच सावलीत गेलेलं.
समोरची वाडी हाकेच्या अंतरावर,
रस्त्यानं एकवीस किलोमीटर.
हद्द पाण्याच्या मधोमध.
नकाशात तुटक रेघ, इथं नुसतं पाणी.
तरी भैरू डवंग बरोबर तिथंच
वल्हं उचलून धरायचा :
"आली बघा पंचाईत आमची."
थेंब गळायचे. मग पुन्हा वल्हं पाण्यात.

शेवटच्या सभेला पाचजण.
विषय क्रमांक एक, विलीनीकरणाची नोंद घेणे.
घेतली.
ऐनवेळच्या विषयात केराबाई खोत उठल्या :
पाचव्या खांबाचा बल्ब गेलाय.
सूचक केराबाई, अनुमोदक भैरू,
ठराव नऊ, सर्वानुमते मंजूर.
खाली मी सही केली, शिक्का मारला.

शिक्का मग पंचांसमक्ष नष्ट करायचा होता.
हातोडा घातला, रबर उसळलं.
पुन्हा घातला, पुन्हा उसळलं.
बाहेर पोरं हसायला लागली,
मग सरपंचही हसले, आणि
हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.
शेवटी दाढीच्या पात्यानं कापला.
'हुंबर' एकीकडं, 'वणे' एकीकडं.

रंकाळा स्टँडपर्यंत गाठोडं मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, "काय हाय ह्यात?"
"कागद."
त्यानं वजन हातानंच जोखलं
नि अर्धं तिकीट फाडलं.
जिल्हा परिषदेत, जिन्याखाली,
बंद झालेल्यांची मांडणी आहे.
सुतळी, चिठ्ठी, नाव. दोन गावं मला माहीतच नव्हती.

आता मी समोरच्या कचेरीत.
खिडकीतून हुंबरवणे दिसतं,
यादीत नाही.
परवा केराबाई नावेनं आल्या,
नवऱ्याचा दाखला पाहिजे म्हणून.
मृत्यूचं ठिकाण, या रकान्यात
संगणक चारच नावं देतो.
मी म्हणालो, यातलं एक निवडा.
"मेला तवा गाव व्हतं न्हवं?"
"होतं."
"मग?"

मी कागद घेतला, हातानं लिहिलं.
चालतो की नाही ठाऊक नाही.
केराबाईंनी घडी घालून कनवटीला लावला,
दारापर्यंत गेल्या, परत आल्या.
"आन् त्यो बल्ब?"

ठरावांचं बुक कोल्हापुरात, जिन्याखाली.
ठराव नऊ त्यात आहे, रेघा त्याच्यानंतर सुरू होतात.

कोपऱ्यावरच्या दुकानात मी विचारलं, कितीचा.
तो म्हणाला, साठाचा देऊ का शंभराचा?
पाण्याच्या त्या अंगाकडं बघत
मला अंदाज येईना.