हातचा एक

मार्चमध्ये कॅचपोलने माझ्या गाडीची क्लचप्लेट बदलली
आणि बिल लिहिता लिहिता विचारलं,
"तुला बेरीज येते ना, नीट?"
गुण मांडणारा त्यांचा माणूस
मुलीकडे राहायला पोर्तुगालला गेला होता.
मी हो म्हणाले. शर्यतीतलं मला
ओ की ठो कळत नव्हतं.

अशी मी राष्ट्रीय अजिंक्यपदाची कारकून झाले.
नॉरफकमधलं डिस गाव, तळ्याच्या वरच्या अंगाला घर,
स्वयंपाकघरातलं टेबल, लाल बांधणीची वही,
बारा शर्यती, एकोणतीस नावं.
पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ, मग सहा, पाच, चार.
आणि तळाला, बारीक अक्षरात:
बारापैकी चांगल्या दहाच धरायच्या,
वाईट दोन सोडून द्यायच्या.
किती मायाळू नियम, मला तेव्हा वाटलं.

थ्रक्स्टनला वाऱ्याने चहाच्या मगासकट कागद नेला.
स्नेटरटनला बिटाच्या शेतांपलीकडून
गाड्या आधी ऐकू येत, मग दिसत.
मे संपेतो न बघता ओळखायला लागले कॅचपोलची हिरवी गाडी.
गिअर टाकताना तो किंचित थांबतो,
जिना उतरताना कठडा चाचपावा तसा.

मॉर्वेन गेडेस थांबत नाही.
फाइफची, तेविशीची, नखं कायम काळी,
बापाच्या बोटीच्या इंजिनावर हात बसलेला.
पहिली येते, नाहीतर चौथी, नाहीतर येतच नाही.
एप्रिलमध्ये वाळूत रुतली,
जूनमध्ये ओल्टन पार्कला टायरांच्या ढिगात घुसली.
वहीत मी दोनदा भोपळा मांडला.
दोन्ही वेळा ती हसतच तंबूत आली,
हेल्मेटमध्ये गवत.

ऑगस्ट. नॉकहिल. तिचं घरचं अंगण.
सकाळच्या सरावात तिचा गिअरबॉक्स फुटला.
कॅचपोलच्या ट्रकमध्ये एक जादा होता,
आणि त्याच्या स्वतःच्या गाडीचा तिसरा गिअर
आदल्या दिवसापासून निसटत होता.
जादा त्याने तिला दिला.
वर तिच्या गाडीखाली पाठ टेकून
बोल्टही स्वतःच आवळले,
साठीच्या माणसाने, ओल्या डांबरावर.
ती पहिली आली.
तो पाचवा. एक हात स्टिअरिंगवर,
दुसऱ्याने वीस फेऱ्या दांडा दाबून धरलेला.
मी चार लिहिले. पेन जरा जास्तच दाबलं गेलं.

ऑक्टोबरात शेवटची शर्यत झाली.
त्या आठवड्यात डिसच्या दारोदारी, पायऱ्यांवर
भोपळे बसले होते, दात कोरलेले, पोटात मेणबत्ती.
मी वही उघडली.
कॅचपोल, अठ्ठ्याऐंशी.
मॉर्वेन, ऐंशी.
आता नियम.
तिच्यातून सोडायचे, शून्य आणि शून्य.
ऐंशीच्या ऐंशी जागच्या जागी.
त्याच्यातून सोडायचे,
कॅडवेलच्या पावसातले पाच
आणि नॉकहिलचे चार.
जो एकदाही रिकाम्या हाताने परतला नव्हता
त्याच्याचकडे सोडण्यासारखं काही होतं.
एकोणऐंशी.

खालून वर मांडली. तिरकी मांडली.
शेवटी शाळेतल्यासारखी पेरांवर मोजली,
हातचा एक मुठीत धरून.
एकानेच.

सोडलेले गुण कंसात लिहायचे असतात.
पाचाभोवती कंस केला.
चाराचा उघडला,
आणि उठून भांडी घासली.

रात्री त्याला फोन केला.
"तपासलंस?"
"तीनदा."
पलीकडे रेडिओ चालू होता, कुणीतरी हवामान सांगत होतं.
"मग बरोबर आहे," तो म्हणाला.
"नियम मार्चपासून छापलेला होता.
पोरीला म्हणावं, गिअरबॉक्स
हिवाळ्यात परत केलास तरी चालेल."
मला काही बोलता येईना.
"आणि तुझ्या गाडीचं तेल बदलायला झालंय.
गुरुवारी आण."