उजवा गुडघा

एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात
एकवीस वर्षं माझी पथारी एकाच जागी.
सापाच्या चरबीचं मलम.
गुडघ्याला, कमरेला, दम्याला,
आणि गिऱ्हाईक तसं असेल तर मोडलेल्या मनालासुद्धा.
डावीकडे डोन्या रेमेदियोसचं सूप,
उजवीकडे जुन्या रेडिओंचा ढीग.

रेडिओवाला लेकीकडे कायमचा गेला
आणि त्या रिकाम्या चौकोनात
एक काटकुळा मास्तर येऊन बसला, सेवेरो युख्रा.
एक थर्मास, एक बिनसुईची इंजेक्शनची नळी,
आणि पुठ्ठ्यावर खडूनं : विज्ञान. फुकट.

मला हसू आलं.
फुकट वाचलं की माणूस आधी खिसा चाचपतो.

पहिल्या गुरुवारी तो अर्धा तास
हवेच्या दाबावर बोलला.
एक कुत्रं ऐकत होतं.
मग तेही उठून गेलं.

शेजाऱ्याचा धंदा बुडताना बघवत नाही हो,
धंदा कसला का असेना.
संध्याकाळी पथारी गुंडाळताना म्हटलं,
मास्तर, तुम्ही उत्तर आधीच विकून टाकता.
टोपली दाखवावी, साप दाखवू नये.
माझ्या टोपलीत एकवीस वर्षांत साप नाहीच,
तरी लोक उन्हात ताटकळतात ना?

पुढच्या गुरुवारी तो स्टुलावर चढला.
आवाज चिरका, पण सवाल माझ्या तालमीतला :
उकळतं पाणी मुठीत कोण धरेल?

गर्दी थबकली. एक हमाल पुढे आला,
पाठीवरची गोणी न उतरवताच.
मास्तरनं नळीत कोमट पाणी ओढलं,
टोकाला बोट दाबलं, दट्ट्या मागे खेचला,
आणि पाणी बुडबुडलं, हमालाच्या तळहातावर,
जाळ नाही, चूल नाही.
पोळलं?
नाही, म्हणाला हमाल, आणि स्वतःच्याच हाताकडे
दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत राहिला.

मास्तर थांबला. (शिकला होता.)
मग हळूच : इथं बटाटा शिजायला इतका वेळ का लागतो?

बटाटेच हट्टी, कुणीतरी म्हणालं.
सरपण ओलं, दुसरं.
रेमेदियोसचा डाव सुपातच राहिला.
खाली युंगासमध्ये माझी बहीण म्हणते
तिचा बटाटा अर्ध्या वेळात शिजतो.
तीस वर्षं मी तिला थापाडी म्हणतेय.

थापाडी नाही, मास्तर म्हणाला.
इतक्या उंचावर हवेचं ओझं हलकं.
पाणी पुरतं तापायच्या आतच उकळून मोकळं होतं.
खळखळाट मोठा, धग थोडी.

रेमेदियोसनं ॲप्रनला हात पुसले,
तिथल्या तिथे फोन लावला :
ऐक, तुझं खरं होतं.
पलीकडून काय आलं कळलं नाही,
पण सूप त्या दिवशी करपलं
आणि तरीही सगळं खपलं.

इथवर ठीक होतं.
पण सवाल हा खरजेसारखा,
एकाला झाला की बाजारभर पसरतो.
दोन वेण्यांची एक पोरगी, नऊ वर्षांची असेल,
माझ्यासमोर येऊन उभी :
आजोबा, हे मलम लागू पडतं
हे तुम्हाला कसं कळलं?

मी साप काढला, आजोबा काढले, जंगल काढलं.
ती ऐकून घेते, मग विचारते,
एका गुडघ्याला लावून
दुसरा तसाच ठेवून बघितलात कधी?

मास्तरकडे रागानं पाहिलं.
तो थर्मासचं झाकण घट्ट करत होता,
आधीच घट्ट असलेलं.

त्या रात्री वाऱ्यानं पत्रे वाजत होते.
दिव्याखाली पायजमा वर केला.
दोन्ही गुडघे माझेच, दोन्ही सारखेच ठणकणारे.
उजव्याला मलम लावलं. डाव्याला काही नाही.
भिंतीवर कोळशानं रेघ मारली.
चौदा रात्री, चौदा रेघा,
आणि रेघेखाली, जसं दुखलं तसे ठिपके.

आज गुरुवार.
पथारी पसरली आहे, डब्या मांडल्या आहेत,
टोपली आज मुद्दाम उघडी, रिकामी.
पोरगी पुढच्या रांगेत. मास्तरही स्टूल सोडून आलाय.
काय झालं, काय झालं, सगळे विचारतात.

थांबा. असे जवळ या.
आधी मला सांगा,
तुमच्यापैकी किती जणांना
दोन गुडघे आहेत?